टिपणीस बाईंची अमेरिका

टिपणीस बाईंबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला हल्ली सहन होत नाहीत. टोकियोजवळच्या इचिकावातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात कुणीतरी हातात बटाटेवडा घेऊन जवळ येतं आणि म्हणतं, "काय शिकवायच्या हो बाई! अशी माणसं आता होणे नाही." मी मान डोलावतो. बाईंना शाळेतून जावं लागलं तेव्हा यांतल्या एकानेही शाळेला साधं पत्र लिहिलं नाही. पण त्यांच्यावर मी कोणत्या तोंडाने रागवू? त्यांना आधी माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी शाळेच्या ऑफिसात आहे. शिक्षक नाही, कारकून. पुण्याहून आलो तो सॉफ्टवेअरवाला म्हणून, कंपनीच्या करारावर. कंपनीने प्रोजेक्ट गुंडाळलं तोवर मला बऱ्यापैकी जपानी येऊ लागलं होतं, म्हणून भारतीय मुलांच्या या शाळेत चिकटलो. इंग्रजी पत्रं टाइप करायची, जपानी नियम पालकांना समजावून सांगायचे आणि पालकांचा राग जपानी साहेबांना समजेल इतका सौम्य करून पोचवायचा, हे माझं काम. ऑफिसात मी 'कामत-सान', शिक्षक ते 'सेन्सेइ'. बाई मात्र सरळ 'कामत' म्हणायच्या, आणि पुढे 'तुम्ही'.

बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. उंची बेताची, सुती साडी, तिच्यावर शाळेचं निळं जाकीट आणि पायांत धावायचे बूट. साडी नेसून सायकल चालवायच्या, आणि तीही उतारावर ब्रेक न लावता. नवरा त्सुकुबाच्या एका प्रयोगशाळेत मातीवर संशोधन करायचा. तो गेला तेव्हा त्या परत जाणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. त्या गेल्या नाहीत. मी एकदा भीत भीत कारण विचारलं तर म्हणाल्या, "परत जाऊन काय करू? तिथे मी अमक्याची विधवा. इथे मी सेन्सेइ आहे." विषय संपला.

त्या इतिहास शिकवायच्या. कुठलाही धडा असो, कुणी कुठे जाऊन किल्ला बांधो की शहर वसवो, बाई पुस्तक पालथं ठेवून विचारायच्या, "आणि तिथे आधी कोण राहत होतं?" मुलांना ते इतकं पाठ झालं होतं, की नवी मुलगी वर्गात आली आणि खिडकीजवळच्या बाकावर बसली तरी मागून कुणीतरी तेच विचारायचं. आमच्या शाळेत काही मुलं अर्धी मराठी, अर्धी जपानी. त्यांतली हाना नावाची एक मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हटकून जपानीत उत्तर द्यायची. बाई तिला पुन्हा मराठीतच विचारायच्या, ती पुन्हा जपानीत सांगायची. दोघींचं असं वर्षभर छान चाललं होतं. कुणीच माघार घेतली नाही.

नववी-दहावीच्या मुलांना अमेरिकेला न्यायचं हे बाईंच्या डोक्यातून निघालं. अमेरिका म्हणजे व्हर्जिनियातली आणि मॅसॅच्युसेट्समधली वसाहतकाळातली गावं: जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग, प्लिमथ. पालकसभेत त्यांनी नकाशा टांगला तेव्हा हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली. एक गृहस्थ उठले. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. म्हणाले, "मॅडम, आयडिया चांगली आहे, पण जुनी खोपटी बघायला चौदा तास विमानात बसायचं? दोन दिवसांत हिस्ट्री आटपा आणि मोठ्या युनिव्हर्सिट्या दाखवा. मुलं मोटिव्हेट होतील."

बाई म्हणाल्या, "तुम्ही इथे कसे आलात?"

"कंपनीने पाठवलं."

"किती वर्षांचा करार?"

"तीन. पुढे वाढला."

"जेम्सटाउनला पण कंपनीनेच पाठवलं होतं माणसांना. लंडनहून. करारावर. त्यांच्या पोरांना तरी ठाऊक होतं आपला बाप कुणाचा माणूस आहे ते. तुमच्या मुलांना विचारून बघा."

गृहस्थ खाली बसले. मग एक आई उठली आणि तिने खाण्याचा प्रश्न काढला. "आमचा पनीर नसेल तर जेवतच नाही हो."

"मग तो प्लिमथच्या पहिल्याच हिवाळ्यात गेला असता," बाई म्हणाल्या. हॉल हसला. ती आई हसली नाही. बाईंना नंतर वाईट वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाटेतल्या सगळ्या हॉटेलांना पत्रं लिहायला लावली. पत्रात पहिली ओळ पनीरची होती.

बाईंचं तोंड असं होतं. त्या कुणाला दुखवायला निघत नसत, पण मनातलं ओठावर यायला त्यांना मधलं स्टेशन नव्हतं. जपानमध्ये हे फार महागात पडतं. इथे सभेत कुणी काही ठरवत नाही. सभेच्या आधी एकेकाला वेगळं गाठून, चहा पाजून सगळं ठरलेलं असतं, आणि सभा नुसती माना हलवायला असते. बाईंना हे माहीत होतं, पण पटत नव्हतं. आमचे ऑफिसप्रमुख नोमुरा-सान मला म्हणाले होते, "टिपणीस सेन्सेइ चांगल्या आहेत. पण त्या हवा वाचत नाहीत." म्हणजे न बोललेलं ओळखत नाहीत. मी हे बाईंना सांगितलं नाही. बाईंना न सांगितलेल्या गोष्टींत ही अगदीच किरकोळ.

सहलीची तयारी दोन वर्षं चालली. एकदा शाळेच्या मैदानात त्यांनी खडूने जहाज काढलं. पुस्तकातून मापं घेतली, दोरीने मोजली आणि बावीस मुलं, दोन शिपाई आणि हाताला लागलेले शिक्षक त्या रेघांच्या आत उभे केले. "आता यात आणखी इतकीच माणसं, शिवाय पिंपं आणि कोंबड्या. चार महिने. बसा." पोरं दाटीवाटीने बसली. दहा मिनिटांत दोन भांडणं झाली. एका मुलाने बाहेर पाऊल टाकलं तर बाई म्हणाल्या, "बुडालास." तो बिचारा तास संपेपर्यंत बुडालेलाच राहिला. संध्याकाळी नोमुरा-सान मैदानावरचा खडू बघत उभे राहिले. बाईंनी पदर खोचला आणि बादली घेऊन ते अख्खं जहाज एकटीने पुसून काढलं.

जपानी शाळांत सहलीआधी प्रत्येक मुलाला छोटी पुस्तिका देतात. कुठल्या दिवशी कुठे जायचं, सामान काय, कोण कुणाच्या गटात, सगळं त्यात. तिला 'शिओरी' म्हणतात. बाईंनी आपली शिओरी हाताने लिहिली, नकाशे स्वतः काढले. प्रत्येक गावाच्या पानावर खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. तिथे आधी कोण राहत होतं, ते मुलांनी तिथे जाऊन लिहायचं. पहिल्या पानावर 'सहलप्रमुख: सुनंदा टिपणीस'.

बाईंचा आणखी एक स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. बंद पाकीट त्यांच्यासाठी देवासारखं होतं. एका परीक्षेला पाकीट आलं त्यावर चुकून दुसऱ्याच इयत्तेचं नाव छापलेलं. आत आपलाच पेपर असणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सगळे म्हणाले, "फोडा हो बाई, मुलं खोळंबलीत." बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि वर हात ठेवून बसून राहिल्या. परीक्षा मंडळाचा फोन येईपर्यंत एक तास गेला. मुलांना त्यांनी सांगितलं, "ज्याचं नाव वर आहे त्यानेच फोडायचं. आपण शहाणे आहोत म्हणून दुसऱ्याचं फोडायचं नाही." मी त्या दिवशी कौतुकाने घरी जाऊन बायकोला हे सांगितलं होतं.

बावीस मुलांपैकी सहा जणांकडे जपानी पासपोर्ट होते. त्यांचं काम घरबसल्या कॉम्प्युटरवर झालं. उरलेल्या सोळा जणांना आणि बाईंना अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखतीला जायचं होतं. बाईंनी सोळाच्या सोळा अर्ज स्वतः तपासले. शाळेच्या जिन्याखाली खिडकी समजून एक टेबल मांडलं आणि पलीकडे बसून एकेकाची तालीम घेतली. "कशाला चाललास? किती दिवस? कोण नेतंय?" मुलं म्हणायची, "टिपणीस मिस." त्यावर बाई खूश व्हायच्या आणि ते लपवायच्या.

आता माझ्या भागाकडे येतो.

बाई दरवर्षी नव्या करारावर होत्या. एप्रिल ते मार्च. करार एक वर्षाचा म्हणून राहण्याचा परवानाही एकाच वर्षाचा. आमच्या शाळेत त्यांचं हे पाचवं वर्ष. इथला कायदा असा, की सलग पाच वर्षांच्या पुढे करार गेला की माणूस कायम नोकरी मागू शकतो, आणि मालकाला ती द्यावी लागते. कायदा माणसाच्या भल्याचा. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी पाच वर्षं भरली की माणसाला नारळ देतात. नोव्हेंबरात नोमुरा-सानांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "टिपणीस सेन्सेइंचा करार मार्चनंतर वाढणार नाही. जानेवारीत त्यांना सांगायचं ठरलंय. कामत-सान, तोपर्यंत आपल्यातच."

"पण सहल?" मी म्हटलं.

"सहल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आहे. करारात बसते."

खरंच बसत होती. त्यांनी ते आधीच बघून ठेवलं होतं.

मी मूग गिळून बसलो. माझाही करार वर्षाचाच होता, घरी दोन पोरं होती, हे सगळं खरं आहे. पण आपण भित्रे असलो की कारणं खरीच सापडतात.

डिसेंबरात बाई माझ्या खिडकीशी आल्या. "कामत, व्हिसासाठी नोकरीचा दाखला लागेल हो." शाळेच्या दाखल्याचा नमुना ठरलेला. त्यात एक रकाना असतो: करार कधी संपतो. त्याखाली दुसरा: नूतनीकरण होणार आहे का? मी नोमुरा-सानांना विचारलं, तो रकाना कोरा सोडू का? ते म्हणाले, "कोरा सोडला तर दाखला अपुरा होईल." मग मी विचारलं, "काय लिहू?" त्यांनी नमुना माझ्याकडे सरकवला. खरं तेच लिहायचं होतं. मी लिहिलं, 'नाही.'

आमच्या शाळेचा दाखला उघडा देत नाहीत. पाकिटात घालून चिकटवतात, तोंडावर शिक्का मारतात आणि वर कुणाला द्यायचं ते लिहितात. ज्याला द्यायचं त्यानेच उघडायचं. शिक्का मी मारला. माझ्या टेबलावर तो कागद अर्धा तास पडून होता, बाईंचा वर्ग दोन दारं सोडून होता. मी जाऊन म्हणू शकलो असतो, "बाई, हे नेऊ नका. आधी नोमुरा-सानांना भेटा." एवढं एक वाक्य. मुलाखतीला तीन आठवडे होते, दुसऱ्या एखाद्या शाळेत त्यांना काम मिळालं असतं, तिथला दाखला नेता आला असता. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "ऑल द बेस्ट."

दुसऱ्या कुणी असतं तर घरी जाऊन वाफेवर धरलं असतं. बाईंनी ते प्लॅस्टिकच्या फाइलीत घातलं, दुमडू नये म्हणून.

वकिलातीत सोळा मुलं, त्यांच्या सात-आठ आया आणि बाई. मुलांना पुढे घालून बाई सगळ्यांत शेवटी उभ्या राहिल्या. सोळाही जणांना व्हिसा मिळाला. संध्याकाळी बाई मुलांना घरी सोडून शाळेत आल्या तेव्हा ऑफिसात मी एकटा होतो.

"कामत, ते पत्र तुम्ही टाइप केलंत?"

"हो."

"त्यात एक रकाना आहे. पुढे नोकरी चालू राहणार का, असा."

"नमुन्यातच असतो तो."

"असेल. खिडकीतल्या बाईंनी तो मला वाचून दाखवला. फार सभ्य होत्या. म्हणाल्या, तुमची नोकरी मार्चअखेर संपते, पुढे नाही, असं तुमची शाळाच लिहिते. मग तुम्ही जपानला परत कशासाठी याल? मी म्हटलं, काहीतरी चूक आहे. त्यांनी कागद काचेला लावून दाखवला. व्हिसा नाही दिला. मुलं मागे बाकावर बसली होती. त्यांनी ऐकलं नसावं."

"तुम्हाला जानेवारीत सांगणार होते," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

आयुष्यात मी पुष्कळ लाजिरवाणी वाक्यं बोललो असेन. हे सगळ्यांत वरचं: "मी फक्त टाइप केलं, बाई."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचं चिडणं मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "बरं." मग पिशवीतून मुलांच्या व्हिसाचे सोळा कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. "यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. नावांच्या क्रमाने."

सहल रद्द होईल असं मला वाटलं, मनातून तशी इच्छाही होती. बाईंनीच होऊ दिली नाही. "मुलांनी काय केलंय?" एवढंच म्हणाल्या. मग त्यांच्याऐवजी कोण, हा प्रश्न आला. शिक्षक सगळे भारतीय, त्यांपैकी एकाकडेही अमेरिकेचा व्हिसा नव्हता, आणि आता नवीन काढायला वेळ नव्हता. माझ्याकडे होता. जुन्या कंपनीने कधीतरी काढून दिलेला, दहा वर्षांचा, अजून मुदत शिल्लक असलेला. नोमुरा-सान खूश झाले. म्हणाले, "कामत-सान, सोय झाली."

फेब्रुवारीभर, रोज शाळा सुटल्यावर, बाईंनी मला शिकवलं. रिकाम्या वर्गात मी पहिल्या बाकावर आणि त्या फळ्यापाशी. एकाही दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही. गावं, रस्ते, कुठे बस लांब लावावी लागते, कुठल्या मुलाला गाडी लागते, कुणाला घराची आठवण येईल आणि तो ती पोटदुखी म्हणून सांगेल, सगळं त्यांनी मला लिहून घ्यायला लावलं. जेम्सटाउनला आधी राहणाऱ्या पोहॅटन लोकांचं नाव मी तीनदा चुकीचं उच्चारलं, तीनदा त्यांनी शांतपणे सुधारलं. त्या इतक्या समजुतीने शिकवत होत्या, की मला रोज घरी गेल्यावर जेवण जात नसे.

शिओरी छापून तयार होती. पहिल्या पानावरचं नाव बदलायला हवं होतं. ऑफिसातल्या यंत्रावर मी माझ्या नावाच्या चोवीस चिकटपट्ट्या काढल्या, बावीस मुलांच्या, एक माझी, एक ऑफिसची, आणि चिकटवायला बसलो. बाई आल्या आणि त्यांनी पट्ट्या माझ्या हातातून घेतल्या. "तुम्ही वाकड्या लावाल," म्हणाल्या. चोवीस पुस्तिकांत, स्वतःच्या नावावर, त्यांनी माझं नाव लावलं. प्रत्येक पट्टी नखाने दाबून बसवली. एकही वाकडी गेली नाही.

बाई सहलीला नाहीत आणि मार्चनंतर शाळेतही नाहीत, ही बातमी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली तेव्हा 'सो सॅड', 'बेस्ट टीचर एव्हर' अशा ओळी आल्या, हात जोडलेली चित्रं आली. पनीरवाल्या आईने रडणारा चेहरा टाकला. त्याच्या खालच्या निरोपात कुणीतरी विचारलं होतं, विमानतळाच्या बसमध्ये चार्जिंगची सोय आहे का. त्याला मी उत्तर दिलं. आहे म्हणून.

निघायच्या सकाळी बस शाळेसमोर उभी होती. आया-बाप काचांवर टकटक करत होते, मुलं कानांत इअरफोन घालून बसली होती. बाई बसमध्ये चढल्या. एकेका डोक्यावर हात ठेवत शेवटपर्यंत गेल्या आणि मोजत परत आल्या. बावीस. हानाने त्यांना काहीतरी विचारलं, आणि चक्क मराठीत. "मिस, तुम्ही खरंच नाही येत?" बाईंनी तिच्या जाकिटाची चेन वर ओढली. "खरंच नाही," म्हणाल्या.

मग ड्रायव्हरशेजारी उभ्या राहून त्यांनी टाळी वाजवली. मुलांनी कानांतली यंत्रं काढली. त्यांचं ऐकायची पोरांना सवय होती.

"आता कामत सर तुमच्याबरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "काही अडलं, काही कळलं नाही, तर त्यांना विचारा. नीट विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. त्यांना पुष्कळ गोष्टी आपल्या आधी माहीत असतात. फक्त स्वतःहून सांगायची त्यांना सवय नाही."

मुलं हसली. त्यांना वाटलं, मिस नेहमीसारखी सरांची थट्टा करतायत. दारात उभ्या असलेल्या आयाही हसल्या. मीही हसलो.

बाई पायऱ्या उतरल्या. पहिला तास त्यांचा सातवीवर होता आणि घंटेला पाच मिनिटं होती. बस हलली तेव्हा मुलं त्या बाजूच्या काचांना नाकं लावून हात हलवत होती. बाई फाटकातून आत शिरल्या होत्या आणि त्यांच्या नेहमीच्या झपाट्याने मैदान ओलांडून चालल्या होत्या. मला त्यांची पाठच दिसली.